नवा धनी, नवी माणसे : दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाराची गोष्ट



आजचा विषय बदल्यांचा आहे. कुठलाही नवा माणूस सत्तेवर आला, आणि विशेषतः तो बाहेरून आलेला असला, म्हणजे आधीच्या वर्तुळात न वाढलेला, तर पहिली बातमी काय येते? अमुक सचिव बदलले, तमुक अधिकाऱ्याला हलवले, सल्लागारांनी राजीनामा दिला. आपल्यातल्या पुष्कळांना सुरुवातीला बरे वाटते. जुने लोक मुरलेले असतात, ते गेलेच पाहिजेत, असे आपण म्हणतो. आणि ते अगदीच चूक नसते. पण माणसे भराभर बदलत गेली की आतमध्ये नेमके काय मोडते, कोणाचे मोडते, हे आपण फारसे बघत नाही. ते बघायला आपल्या घरातलेच एक उदाहरण आहे. दुसरा बाजीराव.

बाजीरावाला ‘बाहेरचा’ म्हटले की काहींच्या भुवया वर जातील. पेशव्यांच्या घरात जन्मलेला, राघोबादादांचा मुलगा, तो बाहेरचा कसा? जन्माने आतलाच. पण कारभाराच्या दृष्टीने त्याच्याइतका बाहेरचा पेशवा दुसरा झाला नाही. जानेवारी १७७५ मध्ये तो धारला जन्मला, तेव्हा बाप पुण्यातून परागंदा होता आणि बारभाईंचा राज्यकारभार सुरू झालेला होता. १७८३ साली राघोबादादा कोपरगावी वारले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचाही नव्हता. पुढचे सगळे आयुष्य नजरकैदेत गेले. कोपरगाव, मग नाशिकजवळचे आनंदवल्ली, आणि १७९४ पासून जुन्नर, शिवनेरी. पहिला माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर आला, पण तो दफ्तराच्या सावलीत वाढला होता. कोणत्या महालाचा वसूल किती, कोणता सरदार कशाने रागावतो, हे त्याच्या कानावर रोज पडत होते. बाजीरावाच्या कानावर काय पडत होते? पहारेकऱ्यांची पावले. आणि आपल्या बापाचे राज्य पुण्यातल्या कारभाऱ्यांनी लुबाडले, ही घरातली कहाणी.

हे मी त्याची कीव यावी म्हणून सांगत नाही. त्याच्या पुढच्या वागण्याची चावी इथे आहे. सरकारी माणूस म्हणजे आपल्याला कोंडून ठेवणारा माणूस, हा त्याचा अनुभव होता, आणि तो खरा होता. त्याचा अविश्वास निराधार नव्हता.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. मग वर्षभर जो गोंधळ झाला तो तुम्हाला ठाऊक आहे. नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या, मध्येच चिमाजीआप्पाला दत्तक देऊन गादीवर बसवणे, नानांचे महाडचे कारस्थान. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. या वर्षात बाजीरावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले की पेशवा कोण हे कारभारी ठरवतात. डिसेंबर १७९६ मध्ये तो गादीवर आला तो या शिकवणीनिशी. वय एकवीस, कारभाराचा अनुभव शून्य, आणि भोवती ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावे असा एकही माणूस नाही.

आता वरच्या जागेचे काय झाले ते बघू. १७९६ च्या शेवटी नाना मुख्य कारभारी. १७९७ च्या ३१ डिसेंबरला शिंद्यांच्या फौजेतल्या अधिकाऱ्याकडून नानांना दगाफटक्याने कैद. जागेवर अमृतराव, बाजीरावाचा दत्तक भाऊ. १७९८ मध्ये नाना सुटले, पुन्हा कारभारावर आले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. दोन वर्षांनी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवा आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीराव पळाला तो आपल्याच कोकणात, महाडला, तिथून हर्णैच्या सुवर्णदुर्गात, आणि तिथून समुद्रमार्गे वसईला. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह झाला, इंग्रजी फौजेने त्याला मे १८०३ मध्ये पुण्याला आणून बसवले. मग कारभारी सदाशिवपंत माणकेश्वर. मग खुश्रूशेट मोदी, हे मूळचे इंग्रज रेसिडेंटाच्या पदरचे. त्यांना कर्नाटकचा सरसुभा मिळाला, मग मर्जी फिरली, आणि १८१५ मध्ये विषाने त्यांचा मृत्यू झाला. ते विष कोणी दिले याचा उलगडा झाला नाही. मग त्रिंबकजी डेंगळे. मग त्रिंबकजी इंग्रजांच्या कैदेत गेल्यावर पुन्हा माणकेश्वर, मोरो दीक्षित, बापू गोखले.

या यादीत एक क्रम दिसतो. सुरुवातीला ज्याच्यावाचून चालत नव्हते त्याला आणले. मग ज्याची भीती वाटत नव्हती त्याला आणले. आणि शेवटी ज्याला धन्यावाचून दुसरा आधारच नाही त्याला आणले. त्रिंबकजी हा जासूद-हुजऱ्याच्या कामातून वर आलेला माणूस. हिंमतवान होता, कामसू होता, नुसता खलपुरुष म्हणून त्याच्याकडे बघू नये. पण बाजीरावाला त्याच्यात जे आवडले ते हे की याच्यामागे ना जहागीर, ना घराणे, ना फौज. मी हाकलले तर हा कुठे जाणार? बाहेरून आलेल्या सत्ताधीशाच्या भोवती असेच वर्तुळ तयार होते. कर्तबगारी दुय्यम ठरते, परावलंबन ही पात्रता ठरते.

पण दरबारातली ही ये-जा पुण्यापुरती. रयतेला त्याचे काय? खरे नुकसान झाले ते खाली, मामलतीत. तिकडे वळू.

आधीची पद्धत अशी होती. मामलेदार किंवा कमाविसदार हा परगण्यावरचा सरकारचा माणूस. नेमणूक कागदावर वर्षाची असली तरी चांगला माणूस वर्षानुवर्षे त्याच जागी राही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात नानांच्या काळातले काही मामलेदार दीर्घकाळ एकाच जागी होते अशी नोंद आहे. शत्रूने दिलेला हा दाखला आहे, म्हणून त्याला वजन आहे.

दुसरे, त्या मामलेदाराच्या शेजारी दरखदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जमादार, पोतनीस. यांची नेमणूक हुजुरातून, बहुतेक वंशपरंपरेने. मामलेदाराला यांना काढता येत नसे, आणि यांच्या हातून गेल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. म्हणजे माणूस स्थिर, पण त्याच्यावर डोळाही स्थिर. या दोन गोष्टी जोडीने होत्या, हे विसरू नका. पुढे आपल्याला याची गरज पडणार आहे.

बाजीरावाने काय केले? मामलती मक्त्याने दिल्या. हुजुरातल्या मर्जीतल्या लोकांत बोली लागायची. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला परगणा, मुदत बहुधा वर्षाची. बोली लावायला जो कचरला त्याच्यावर खप्पामर्जी. वरच्या मक्तेदाराने खालच्याला पोटमक्ता द्यायचा, त्याने आणखी खालच्याला, थेट गावच्या पाटलापर्यंत. बरे, वर्षाच्या मध्येच कोणी जास्त बोलला तर पहिल्याचे काय? त्याला खात्रीच नाही. म्हणजे पदाला किंमत आली आणि मुदत गेली.

आता त्या मक्तेदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एक लाख कबूल करून तुम्ही परगणा घेतलात. हा आकडा मी समजुतीसाठी धरतो. हातात बारा महिने आहेत. गावात बांध फुटला आहे. दुरुस्त केला तर पीक वाढेल, पण ते पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तुम्ही तिथे नाही. तगाई दिली तर वसूल होणार दोन-तीन हंगामांत. तो दुसराच कोणी करणार. पडीक जमीन लागवडीला आणायची आपल्याकडे जुनी रीत होती, इस्तावा. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असे चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दराला यायचे. हा करार कोणाच्या भरवशावर? कौल देणारा माणूस, किंवा निदान त्याचा शब्द पाळणारे कचेरीतले लोक, पाच-सहा वर्षे असतील या भरवशावर. दरवर्षी मामलेदार बदलतो तिथे इस्तावा कोण घेईल? पहिल्या वर्षीच नवा माणूस येऊन म्हणेल, पूर्ण सारा टाक.

म्हणून मग आकारणी जमिनीच्या मगदुराने होईना, ती माणसाच्या ऐपतीने होऊ लागली. ज्याच्या घरात काही दिसते त्याच्याकडून काढायचे. त्याचा परिणाम सरळ आहे. माणसे दिसेल असे काही घरात ठेवीनाशी झाली. आणि जिथे फारच झाले तिथे गाव सोडून गेली.

यात मक्तेदार मुळात दुष्टच होते असे धरायची गरज नाही. त्यातले काही आधी चांगले कारकून असतील. वर्षभराची खुर्ची आणि वर कर्जाचा बोजा, एवढे दिले की सज्जन माणूसही तसाच वागतो. त्याचे लक्ष परगण्यावर राहत नाही, ते पुण्याकडे लागते. आपली जागा रयत राखत नाही, हुजुरातली मर्जी राखते, हे त्याला कळलेले असते.

तिसरी गोष्ट दफ्तराची. पेशव्यांचे हुजूर दफ्तर म्हणजे त्या राज्याची स्मरणशक्ती. गावोगावचे आकार, इनामे, सूट, सरंजाम, सगळे तिथे. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले, त्यावरून त्याचा पसारा कळेल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दफ्तराची हेळसांड झाली, नोंदी अपुऱ्या राहू लागल्या. का? आळस हे एक उत्तर झाले. पण व्यवहाराने बघा: परगणा ठोक रकमेने लिलावात दिला की तपशीलवार हिशेबाची सरकारला गरजच उरत नाही. लाख ठरले, लाख आले, संपले. कोणत्या गावाला का सूट दिली होती, कोणाचा इस्तावा कितव्या वर्षात आहे, हे विचारणार कोण? माणूस गेला की त्याच्या डोक्यातले जाते. ते कागदावर तरी असावे लागते. इथे दोन्ही गेले.

गंमत अशी की या सगळ्या काळात बाजीरावाची खासगी शिल्लक वाढतच होती. म्हणजे रोकड पाहिली तर कारभार यशस्वी! वरून बघणाऱ्याला वर्षाच्या आकड्यात काही कमी दिसत नव्हते. झीज व्हायची ती आकड्यात न दिसणाऱ्या जागी.

ती दिसली १८१७ मध्ये. आणि कशी दिसली? दुखावलेली, हलवलेली, टाकलेली माणसे कुठे गेली ते बघा. अमृतराव, सख्ख्यासारखा भाऊ, वर्षाची सात लाखांची नेमणूक घेऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. रास्त्यांच्या जहागिरीवर बाजीरावाने हात टाकला होता. त्याच रास्त्यांच्या पदरी राहिलेले बाळाजीपंत नातू इंग्रजांच्या कामी लागले. पटवर्धनांशी वितुष्ट इतके की १८१२ साली पेशवा आणि त्याचे सरदार यांच्यात एल्फिन्स्टनला मध्यस्थी करावी लागली. धनी आणि चाकर यांच्या भांडणात तिसरा पंच आला, तिथेच अर्धे राज्य गेले म्हणायला हरकत नाही.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. वतने, इनामे, नेमणुका चालतील. सरदारांनी दोन महिन्यांत बाजीरावाची बाजू सोडली तर त्यांचे राहील. हा कागद तोफेपेक्षा जास्त लांब पोचला. कारण त्यात जे दिले होते, स्थैर्याची खात्री, तेच वीस वर्षांत पुण्याहून मिळाले नव्हते. बापू गोखले त्याच महिन्यात अष्टीला लढता लढता पडले. निष्ठावंत माणसे नव्हतीच असे नाही. पण राज्य निवडक निष्ठावंतांवर चालत नाही. ज्यांना निष्ठेचा विचारही करावा लागत नाही अशा हजारो साध्या कारकुनांवर आणि शिलेदारांवर चालते. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला, आणि तिथे आणखी बत्तीस वर्षे जगला.

आता कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की तुम्ही जुन्या लोकांची तरफदारी करता. माणसे एकाच जागी ठेवली की सगळे चांगले होते का? मुळीच नाही. नानांच्याच काळातला घाशीराम कोतवाल घ्या. १७७७ ते १७९१, चौदा वर्षे पुण्याची कोतवाली. स्थैर्य भरपूर. पण त्याच्यावर नाना सोडून दुसरा डोळा नव्हता, आणि नानांचा डोळा मिटलेला होता. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा शहर उठले आणि त्याला दगडांनी ठेचले.

आणि रत्नागिरीत बसून स्थैर्याचे गोडवे गाणे तर सोपेच नाही. आपल्याकडे खोती होती. खोत म्हणजे पिढ्यान् पिढ्या न बदलणारा वसूलदार. त्याला बदलीची भीती नाही, लिलावाची नाही. कुळांनी त्याखाली काय सोसले हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचे विधेयक आणले, आणि कायदा प्रत्यक्षात व्हायला १९४९ साल उजाडले. वर्षाचा मक्तेदार आणि कायमचा खोत, दोघेही कुळाला पिळू शकतात. म्हणून मघाशी म्हटले की मामलेदाराचे स्थैर्य आणि दरखदाराचा डोळा या दोन गोष्टी जोडीने बघायच्या. बाजीरावाने दोन्ही एकदम काढल्या.

हे आपल्याकडेच घडले असेही समजू नका. बाजीराव बिठूरला असतानाच, १८२९ साली, अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाला. पूर्वेकडच्या प्रस्थापित वर्तुळाबाहेरचा, टेनेसीचा लढवय्या. त्याने उघड सांगितले की सरकारी कामे साधी असतात, कोणाही समंजस माणसाला जमतात, तेव्हा पदे फिरती ठेवावीत. हेतूत लोकशाहीचा अंश होता. पण १८३१ मध्ये त्याचे जवळपास सगळे मंत्रिमंडळ गेले, आणि आठ वर्षांत पाच अर्थमंत्री झाले. त्यातल्या एकाला, डुएनला, सरकारी ठेवी बँकेतून काढायला नकार दिला म्हणून घालवले. पदे म्हणजे निवडणुकीची लूट ही रीत पडली. १८८१ साली पद न मिळालेल्या एका माणसाने अध्यक्ष गारफील्डला गोळी घातली, तेव्हा कुठे १८८३ मध्ये परीक्षेने नोकरी देण्याचा कायदा झाला. आणि अगदी अलीकडे, डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत व्हाइट हाउसला चार चीफ ऑफ स्टाफ झाले आणि चार राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. काळ वेगळा, देश वेगळा, पण बाहेरून आलेल्या माणसाची अडचण तीच: विश्वास कोणावर ठेवू?

मग बाहेरच्या माणसाने करावे तरी काय? जुन्यांनाच कवटाळून बसावे? आपल्याच इतिहासात दुसरेही उत्तर आहे. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनहून वर गेला तेव्हा साताऱ्याच्या दरबारात तोही बाहेरचा. त्यानेही आपली माणसे नेली. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे भानू त्याच्याबरोबर गेले आणि फडणिशी त्यांच्याकडे आली. त्याच घरात पुढे नाना झाले. फरक इतकाच की या माणसांना काम दिले, काम शिकू दिले, आणि शिकलेले टिकू दिले. आणि १८१८ नंतर आलेला एल्फिन्स्टन, त्याच्याहून बाहेरचा कोण असणार? त्याने मक्ते बंद केले, पगारी मामलेदार ठेवले, जुनी घडी शक्यतो मोडू नये असे आपल्या कलेक्टरांना बजावले. हे प्रेमापोटी नव्हते, राज्य पचवायचे होते म्हणून होते. वरच्या जागा आपल्या लोकांना बंद झाल्या त्या झाल्याच. पण मोडलेली घडी परत बसवून परका आत घुसला, आणि घरच्याने ती मोडून घर गमावले, हे नोंदवून ठेवायला हवे.

आज महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा आहे, २००५ चा. साधारणपणे तीन वर्षांची मुदत, मध्येच हलवायचे तर वरिष्ठांची मान्यता आणि लेखी कारण. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या आणि आदेश तोंडी नको, लेखी द्या, असे सांगितले. यातला ‘लेखी’ हा शब्द मला तीन वर्षांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तोच तो दरखदाराचा डोळा. बदली करा, जरूर करा, पण का केली ते दफ्तरात राहू द्या.

तेव्हा उद्या कोणी नवा, बाहेरचा माणूस खुर्चीवर बसेल आणि बदल्यांचा सपाटा लावील, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी किंवा नावे ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेलेल्या माणसाला जे माहीत होते ते कुठे लिहून ठेवले आहे? आलेल्या माणसाला फळ बघण्याइतकी मुदत आहे का? आणि त्याच्यावर धन्याखेरीज आणखी कोणाचा डोळा आहे? बाजीरावाच्या राज्यात या तिन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते, आणि ते विचारायची सोय तर रयतेला नव्हतीच. आपल्याला आहे.